मराठी विकिपीडियावर प्रचालकपदाच्या (म्हणजे ॲडमिनपदाच्या) कौलाला उभं राहावं का? आणि राहिले, तर किती दिवसांसाठी?

पारावरची

मराठी विकिपीडियावर लिहायला लागून मला अकरा वर्षं झाली. सुरुवात आमच्या गावाच्या लेखापासून झाली. लेखात ओळी दोनच होत्या आणि त्यातली एक चुकीची होती. ती दुरुस्त केली आणि तिथेच अडकले. आता रात्री जेवणं झाली, ओटा आवरला की तासभर 'अलीकडील बदल' उघडून बसते. कोणी काय लिहिलं, कोणी काय पुसलं ते पाहते. उत्पात, म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस, दिसला तर उलटवते, नवखा माणूस चुकला असेल तर त्याच्या चर्चा पानावर दोन शब्द लिहिते. आम्ही याला गस्त म्हणतो.

मागच्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. पावणेअकरा वाजले असतील. यादीत एका गावाच्या पानासमोर लाल आकडा होता, उणे चार हजार आणि काही. उघडून पाहिलं तर सगळा लेख पुसलेला. त्या जागी एका मुलीचं पूर्ण नाव, तिची शाळा, दहा आकडी मोबाईल नंबर आणि खाली एक घाण ओळ. मी पान लगेच मागच्या आवृत्तीवर नेलं. पण विकिपीडियावर पुसलेलं नाहीसं होत नाही, ते पानाच्या इतिहासात राहतं. इतिहासावर टिचकी मारली की नंबर पुन्हा समोर. आवृत्ती झाकायचा अधिकार प्रचालकाला असतो, आणि प्रचालकांनाही दिसू नये अशी झाकायची तर त्याहून वरचा अधिकार लागतो. मी साधी सदस्य. चावडीवर, म्हणजे विकीच्या जाहीर चर्चेच्या पानावर, जाऊन 'अमुक पानावरचा नंबर झाका' असं लिहिलं असतं, तर चावडी वाचणाऱ्या प्रत्येकाला मी तो नंबर दाखवला असता. म्हणून प्रतिपालकांना, म्हणजे सगळ्या भाषांच्या विकींसाठी असलेल्या वरच्या अधिकाराच्या स्वयंसेवकांना, ई-मेल केली. वीस मिनिटांत उत्तर आलं, 'झाकलं आहे'. उत्तर देणाऱ्याला मराठी येत नव्हतं. तो कुठल्या देशातला हेही मला माहीत नाही. नंबर ओळखायला भाषा लागली नाही एवढंच. त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही. ती वीस मिनिटं माझ्याच हातात असती तर, हाच विचार.

आता दोन जुन्या सदस्यांनी माझ्या चर्चा पानावर निरोप ठेवला आहे की प्रचालकपदाच्या कौलाला उभ्या राहा. पाठिंबा मिळेल असं वाटतं. तरी महिनाभर मी उत्तर दिलेलं नाही.

कारण सांगते. आमच्या गावात एक वाचनालय आहे, नाव लिहीत नाही. तिथे एकच कार्यवाह सव्वीस वर्षं होते. माणूस सोन्यासारखा, एका पैशाचा घोळ नाही. सभा व्हायच्या, पण सभेत विचारायचं कोण? वर्गणीदारांना वाटायचं, ते आहेत ना. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि कळलं की नोंदवह्यांच्या कपाटाची दुसरी किल्लीच नाही, देणगीदारांची यादी त्यांच्या डोक्यात, बँकेत सही फक्त त्यांची. पुस्तकांची देवघेव आठ महिने बंद होती. त्यांच्या पत्नी रोज येऊन दारात उभ्या राहायच्या, जणू त्यांचाच काही गुन्हा झाला. वाईट माणसामुळे हे झालं नाही, चांगल्या माणसामुळे झालं, आणि ते माझ्या मनातून जात नाही.

मला विचारायचं ते इतकंच: स्वयंसेवकाला दिलेलं पद मुदतीचं असावं की नाही? विकीच्या जाहीर चर्चेच्या पानाला मराठीत आपण 'चावडी' म्हणतो. गावच्या चावडीवर पाटील बसायचा आणि त्याची पाटीलकी वतनी असायची, बापाकडून पोराकडे. महसुली पाटलाचं ते वतन १९६२च्या कायद्याने गेलं. आपण नव्या चावडीवर पुन्हा वतनं तर देत नाही ना?

ज्यांना अनुभव आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा. नाही म्हणायचं असेल तर तेही लिहा.

खडीसाखर

पारावरची ताई, आधी एक अडाणी प्रश्न. मला वाटायचं विकिपीडियाचं पुण्यात कुठेतरी ऑफिस असेल आणि तिथली माणसं हे सगळं बघत असतील. प्रचालकाला पगार मिळतो का? आणि लेखात काय ठेवायचं ते तोच ठरवतो का?

पारावरची

@खडीसाखर, प्रश्न अडाणी अजिबात नाही, दहातले नऊ जण हेच विचारतात. पगार नाही, मानधन नाही, प्रवासखर्चही नाही. विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था २००३ साली स्थापन झाली, तिचं कार्यालय सॅन फ्रान्सिस्कोला. तिथे पगारी माणसं आहेत. ती सर्व्हर चालवतात, सॉफ्टवेअर लिहितात, कोर्टकचेरी बघतात. लेख ती लिहीत नाहीत. लेख लिहिणारे, तपासणारे, भांडणं सोडवणारे सगळे स्वयंसेवक.

प्रचालकाकडे किल्ल्या असतात: पान काढायची, काढलेलं परत आणायची, पान सुरक्षित करायची, उत्पाती खातं अडवायची. लेखात काय राहील हे ठरवताना मात्र त्याचं मत तुमच्या-माझ्या मताइतकंच. हे नियमात आहे, आणि नियमाप्रमाणे वागणारे प्रचालक मी पाहिले आहेत. पण ज्याच्या हातात किल्ली त्याच्याशी वाद घालताना समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो, हेही मी पाहिलं आहे, फक्त विकीवर नाही, सगळीकडेच.

प्रचालकाच्या वर स्वीकृती अधिकारी. ते कौल पाहून प्रचालकपद देतात. बहुतेक विकींवर ते पद काढून घेऊ मात्र शकत नाहीत. ते प्रतिपालकांचं काम. प्रतिपालक सगळ्या भाषांच्या सगळ्या प्रकल्पांसाठी मिळून तीस-चाळीसच आहेत.

सातासमुद्रापार

मी गेली चौदा वर्षं स्वीडनमध्ये आहे. स्वीडिश शिकायला म्हणून तिथल्या विकिपीडियावर शुद्धलेखन सुधारायला लागलो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देता येईल.

तिथे प्रचालकपद एका वर्षाचं असतं. वर्ष संपलं की नाव पुन्हा मतदानाला येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला धक्काच बसला, वाटलं याच्यावर काही आरोप झाला की काय. नंतर कळलं की सगळ्यांचंच येतं. दहा-पंधरा जण 'हो, चांगलं काम' असं लिहितात आणि विषय संपतो. एखाद्याबद्दल वर्षभरात कुरबुर असेल तर ती तिथे निघते, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी. मला त्यातलं मोल हे वाटतं: तक्रार करणाऱ्याला बंड करावं लागत नाही. आणि ज्याला थांबायचं आहे तो उभाच राहत नाही. 'मी थकलो' हे जाहीर करायची वेळ त्याच्यावर येत नाही.

जर्मन विकिपीडियाची रीत निराळी. मुदत नाही, पण महिन्याभरात २५ किंवा सहा महिन्यांत ५० पात्र सदस्यांनी सही केली तर प्रचालकाला पुन्हा कौल घ्यावा लागतो. इंग्रजी विकिपीडियावर अशी सोय बरीच वर्षं नव्हती. ती २०२४च्या शेवटाला आली. तिथेही आकडा २५चाच, मुदत एक महिना.

ताई, तुमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांना दरवर्षी कोणी नुसतं 'पुढं चालू ठेवता ना?' एवढं विचारलं असतं, तरी दुसरी किल्ली झाली असती.

कडीकोयंडा

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. मी पंचवीस वर्षं सिस्टिम ॲडमिन आहे, म्हणजे किल्ल्या सांभाळणं हाच माझा धंदा. मुदत हे औषध आहे, पण ज्या रोगावर तुम्ही देताय त्यावर ते लागू पडत नाही.

क्रोएशियन विकिपीडियाचं उदाहरण घ्या. तिथे साधारण २०११पासून प्रचालकांच्या एका गटाने पकड बसवली. दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या फॅसिस्ट उस्ताशा राजवटीच्या अत्याचारांवर पांघरूण घालणारे लेख उभे राहिले. जो दुरुस्ती करायला गेला त्याला अडवलं. २०१३मध्ये खुद्द क्रोएशियाचे शिक्षणमंत्री झेलको योवानोविच यांना सांगावं लागलं की विद्यार्थ्यांनो, आपल्या भाषेतला विकिपीडिया वापरू नका. तरी तो गट २०२०पर्यंत टिकला. का टिकला? मतदान नव्हतं म्हणून? मतदान होतं! पण विरोधात मत देणारे आधीच हाकलले गेले होते आणि बाजूने मत देणाऱ्यांत बनावट खाती होती. एकाच माणसाची अनेक डोकी. अशा ठिकाणी दरवर्षी कौल लावला असता तर दरवर्षी तोच गट जिंकला असता आणि वर 'आम्हाला समाजाचा पाठिंबा आहे' म्हणायला मोकळा.

ते सुटलं ते बाहेरच्या नजरेने. बाहेरून तपासणी झाली, बनावट खाती उघडी पडली, म्होरक्याला सगळ्याच प्रकल्पांवर बंदी झाली. २०२१मध्ये फाउंडेशनने त्यावर सविस्तर अहवाल काढला.

म्हणून विकिमीडियाच्या रचनेत मला सर्वांत शहाणपणाचे वाटतात ते दोन साधे नियम. पहिला: प्रतिपालक आपल्या घरच्या विकीवर ते अधिकार वापरत नाही. गावातला माणूस गावच्या भांडणात न्यायाधीश नको. दुसरा: सदस्यांची तांत्रिक माहिती तपासून बनावट खाती पकडणारे तपासनीस एखाद्या विकीवर नेमायचे तर किमान दोन, एकटा कधीच नाही. का, तर एकाने काय पाहिलं ते दुसऱ्याला नोंदीत दिसतं. आमच्या कामातही हेच. मुख्य पासवर्ड एकट्याकडे असेल तर तो देवमाणूस असला तरी मी ती यंत्रणा सुरक्षित मानत नाही.

तिफण

चर्चा चांगली चालली आहे, पण कोणीच धोक्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. ताई, माझं ऐका तर उभ्या राहू नका.

एका वृत्तसंस्थेने आपल्यावरच्या इंग्रजी लेखावरून २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटींचा दावा लावला. लेखात बदल करणाऱ्या सदस्यांची माहिती द्या, अशी मागणी झाली. त्या खटल्यावरच लिहिलेलं पान ऑक्टोबर २०२४मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून काढावं लागलं. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, ते चांगलं झालं. पण मधले महिने त्या स्वयंसेवकांनी कसे काढले असतील? आणि आपल्याकडे फेब्रुवारी २०२५मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने काही संपादकांवर गुन्हा नोंदवला.

मजकूर बरा की वाईट यात मी शिरत नाही. एवढंच म्हणतो की फुकट काम करणाऱ्या माणसाला घरी नोटीस आली तर त्याच्या आईने काय समजायचं? साध्या सदस्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. प्रचालकाचं नाव यादीत असतं. तुम्ही गावात राहता, बाईमाणूस आहात, आणि गावातल्या लोकांना तुमचं खातं कोणतं ते माहीत आहे.

पारावरची

@तिफण दादा, काळजीने लिहिलंत, मनापासून आभार. घरीही हेच बोलणं झालं. यजमान म्हणाले, 'तू आत्ता जे करतेस त्यात आणि प्रचालक म्हणून करशील त्यात पोलिसांना फरक कळणार आहे का?' खरं आहे. लेखात बदल करणारी मी आत्ताही आहेच. माझं खातं टोपणनावाचं आहे, पण गावातल्या चार जणींना माहीत आहे, कारण त्यांना मीच शिकवलं. ते आता परत घेता येणार नाही आणि घ्यायचंही नाही.

@कडीकोयंडा, तुमचा मुद्दा मला रात्रभर पुरला. मुदत असूनही क्रोएशिया वाचला नसता, हे पटलं. पण मग मी उलटं विचारते: मुदतच नसती आणि बाहेरची नजर असती तर? नजर तेव्हाच वळते जेव्हा कोणीतरी ओरडतं. ओरडण्याइतकं वाईट व्हायला तिथे नऊ-दहा वर्षं गेली. माझी भीती त्याच्या अलीकडची आहे. जिथे काही वाईट झालेलंच नाही, फक्त एक माणूस जागेवर बसून राहिला आणि बाकीच्यांनी विचारायचं सोडलं.

भरतीओहोटी

गोव्याहून लिहितोय. कोंकणी विकिपीडिया २०१५मध्ये स्वतंत्र झाला तेव्हापासून मी अधूनमधून तिथे असतो. एकाच भाषेचे लेख देवनागरीत आणि रोमीत (रोमन लिपीत) ही, त्यामुळे आमच्याकडे माणसं कमी आणि प्रश्न जास्त.

तुम्ही ज्या मुदतीबद्दल बोलताय ती छोट्या विकींना नवी नाही. जिथे कौलाला पुरेशी माणसंच येत नाहीत, तिथे प्रतिपालक प्रचालकपद मुदतीवरच देतात: तीन महिने, सहा महिने, वर्ष असं. मुदत संपली की पुन्हा चर्चा करा, पुन्हा मागा. सुरुवातीला लोकांना यात अपमान वाटतो, 'आमच्यावर विश्वास नाही का?' म्हणून. मलाही वाटला होता. पण आता वाटतं की ही पद्धत मोठ्यांनीही घ्यायला हरकत नाही.

दुसरं, माणसं कमी असली की काय होतं ते स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर दिसलं. ऑगस्ट २०२०मध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं की तिथले हजारो लेख एकाच प्रचालकाने लिहिलेत आणि त्याला स्कॉट्स भाषाच येत नाही. इंग्रजी वाक्यं घेऊन शब्दकोशातून एकेक शब्द बदललेला. तो अमेरिकेतला मुलगा, बारा-तेरा वर्षांचा असताना सुरू झालेला, मनापासून मदत करत होता. सात वर्षं त्याला 'बाळा, हे चुकतंय' असं बसून समजावणारं तिथे जवळपास कोणी नव्हतं. आणि कळलं तेव्हा लोकांनी त्याला इतक्या शिव्या घातल्या की वाचवत नव्हतं. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं. भाषेचं नुकसान झालंच, पण त्याचंही झालं.

खडीसाखर

हे वाचून अंगावर काटा आला. सात वर्षं!

लेखणीबहाद्दर

मी थोडा वेगळा बोलणार आहे. आपण सगळे खुर्चीबद्दल बोलतोय. कामाबद्दल कोणी बोलेल का?

जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, फेब्रुवारीत २७ तारखेचा मराठी भाषा गौरव दिन. महाविद्यालयांत विकीच्या कार्यशाळा होतात. मी स्वतः अशा पंधराएक कार्यशाळांना मदतीला गेलो आहे. संगणक कक्षात चाळीस मुलं, एकाच दुपारी चाळीस खाती, आणि संध्याकाळपर्यंत साठ नवी पानं. त्यातली दहा उत्तम असतात. वीसांना संदर्भ नसतो. उरलेली कुठल्या तरी वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरून जशीच्या तशी चिकटवलेली. मुलांचा दोष नाही, त्यांना प्रताधिकार (कॉपीराइट) म्हणजे काय हे कोणी सांगितलेलंच नसतं. आता ही साठ पानं वाचणार कोण? एकेका पानाला वीस मिनिटं धरली तरी वीस तास झाले. प्रमाणपत्रवाटपाचा फोटो निघतो. त्यानंतर रात्री दोन वाजता चिकटवलेल्या परिच्छेदाचा मूळ स्रोत शोधणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही, आणि त्याला तो नकोही असतो.

म्हणून माझं म्हणणं, मोठं पद एकाला देण्यापेक्षा छोटे अधिकार अनेकांना द्या. एका टिचकीत सलग उत्पात उलटवायची सोय, द्रुतमाघार, ही अनेक विकींवर प्रचालक नसलेल्या भरवशाच्या सदस्यांनाही मिळते. चुकून वापरली तर नुकसान काहीच नाही, कोणीही परत फिरवू शकतं. अशा छोट्या किल्ल्या वाटल्या तर मोठ्या किल्लीचा बाऊ कमी होतो. २००३मध्ये विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी प्रचालकपद ही काही मोठी गोष्ट नाही, अशा अर्थाचं लिहिलं होतं. आज त्या पदाभोवती एवढं वलय आहे की ताईंसारखी बाई महिनाभर विचारात पडते.

कडीकोयंडा

@लेखणीबहाद्दर, सहमत, शंभर टक्के. फक्त एक भर. छोट्या किल्ल्या वाटताना त्या परत घ्यायची नोंदही ठेवायला हवी. माझ्या जुन्या नोकरीत सोडून गेलेल्या माणसांची खाती चार-चार वर्षं चालू सापडली होती. विकीवर २०१३पासून जागतिक नियम आहे: प्रचालकाने दोन वर्षं एकही बदल किंवा एकही कृती केली नाही तर प्रतिपालक विचारणा करतात आणि उत्तर नाही आलं तर अधिकार काढतात. शिक्षा म्हणून नव्हे. बेवारस पडलेलं खातं कोणाच्याही हाती लागू शकतं म्हणून.

आणि बाहेरची नजर हा शब्द मी वापरला, त्याची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर अर्धवट होईल. जून २०१९मध्ये फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियावरच्या एका प्रचालकावर थेट एक वर्षाची बंदी घातली. कारण जाहीर केलं नाही, तिथल्या लवाद समितीला, म्हणजे वाद सोडवायला सदस्यांनीच निवडलेल्या समितीला, विचारलं नाही. वीसहून अधिक प्रचालकांनी निषेध म्हणून पद सोडलं. शेवटी प्रकरण लवाद समितीकडे आलं आणि सप्टेंबरमध्ये समितीने बंदी उठवली. पण प्रचालकपद परत दिलं नाही, ते पुन्हा कौल मागूनच मिळवा म्हणाली. मला तो निकाल आवडला होता. पगारी कार्यालयालाही सांगितलं की असं परस्पर करू नका, आणि प्रचालकालाही सांगितलं की तुझ्याबद्दलच्या तक्रारी खोट्या नव्हत्या.

त्यानंतर सगळ्या प्रकल्पांसाठी एक सामाईक आचारसंहिता आली आणि तिची अंमलबजावणी पाहणारी स्वयंसेवकांची समिती २०२४मध्ये निवडली गेली. ती किती चालेल ते पाहायचं.

सातासमुद्रापार

आचारसंहितेवरून आठवलं. त्याच वर्षी, जून-जुलै २०२४मध्ये, आणखी एक मतदान झालं: विकिमीडिया चळवळीची सनद. फाउंडेशनने काय ठरवायचं आणि स्वयंसेवकांनी काय, हे लिहून काढणारा दस्तऐवज. मत देणाऱ्यांत बहुमत बाजूने होतं, पण फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने मान्यता दिली नाही, त्यामुळे ती बारगळली. मी मत दिलं होतं. वाईट वाटलं.

तरी एक गोष्ट कायम धीर देते. इथला मजकूर मुक्त परवान्यावर आहे. अगदीच पटलं नाही तर माणसं सगळा मजकूर उचलून वेगळी चूल मांडू शकतात. २००२मध्ये स्पॅनिश विकिपीडियातले बरेच जण जाहिराती येतील या भीतीने तसे बाहेर पडले होते. विकिपीडियावर जाहिराती आजही नाहीत. त्या बाहेर पडण्याचा त्यात वाटा होता असं मी मानतो. सोसायटीत भांडण झालं तर फ्लॅट उचलून नेता येत नाही, इथे नेता येतो.

तिफण

माझं मत बदललं असं नाही म्हणणार, पण एक विचारतो. ताई, समजा तुम्ही उभ्या राहिलात. मराठी विकीवर मुदतीची पद्धत सगळ्यांसाठी आणायची तर मोठी चर्चा होईल, आणि जुन्या प्रचालकांना वाटेल की हे आमच्यावर आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं राबून हे उभं केलं त्यांना दुखवून नवी सुरुवात करणार का?

पारावरची

नाही. दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. १ मे २००३ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा संगणकावर देवनागरी नीट उमटायची मारामार होती. त्या दिवसांत बसून ज्यांनी 'धूळपाटी' (सरावाचं पान), 'चावडी', 'सांगकाम्या' (आपोआप काम करणारा बॉट) असे शब्द घडवले, मदतपानं लिहिली, त्यांच्या अंगणात मी आयती आले आहे. त्यांच्यासाठी नियम करायला मी कोण?

नियम मी माझ्यापुरता करू शकते. काल रात्री कौलाच्या पानासाठी मजकूर लिहून काढला. इथे टाकते, चूक वाटली तर सांगा:

'मी प्रचालकपदासाठी विनंती करत आहे. मुख्य काम रात्रीची गस्त, व्यक्तिगत माहिती उघड करणाऱ्या आवृत्त्या झाकणं आणि कार्यशाळांतून आलेल्या नव्या पानांची तपासणी. ज्या लेखात मी स्वतः लिहिलं आहे, त्या लेखावरच्या वादात मी हे अधिकार वापरणार नाही, दुसऱ्या प्रचालकाला विनंती करीन. कोणाला अडवलं तर कारण त्याच्या चर्चा पानावर, त्याला समजेल अशा मराठीत लिहीन. हे पद मी दोन वर्षांसाठी मागते आहे. दोन वर्षं पूर्ण झाली की मी स्वतः पुन्हा कौल मागेन. त्या कौलात पुरेसा पाठिंबा मिळाला नाही, किंवा मी कौल मागितलाच नाही, तर प्रतिपालकांना हेच पान दाखवून माझे अधिकार काढून घ्यावेत. त्यासाठी माझी वेगळी संमती विचारू नये.'

शेवटची दोन वाक्यं लिहिताना मला वाचनालयाचं ते कपाट आठवत होतं. आजारी पडले, कंटाळले किंवा गर्व चढला, तरी दुसऱ्या कोणाला दार उघडता यायला हवं आणि त्यासाठी माझ्या घरच्यांना दारात उभं राहायला लागू नये.

कडीकोयंडा

मसुदा उत्तम आहे. एकच सूचना: 'दोन वर्षं' असं न लिहिता तारीख लिहा. दिवस, महिना, वर्ष. दोन वर्षं म्हणजे कधीपासून यावर लोक वाद घालतील, तारखेवर घालणार नाहीत. आणि खात्याला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) आजच लावा, कौलाच्या आधी.

लेखणीबहाद्दर

'त्याला समजेल अशा मराठीत' हे ठेवाच. मला नवखा असताना पहिला इशारा मिळाला तो तीनदा वाचला तरी कळला नव्हता.

तिफण

माझं खातं सहा वर्षांपासून आहे, नावापुरतं. ताई, मी कौल देईन. बाजूने. काळजी वाटते ती वाटतेच, पण ती घेऊन घरी बसण्यापेक्षा सोबत असलेलं बरं. गस्तीचं काम मला कोणी शिकवेल का? शनिवारी रात्री मी मोकळा असतो.

पारावरची

तारीख घातली. पडताळणीही लावली, मुलाने दहा मिनिटांत करून दिली.

@तिफण दादा, शनिवारी दहा वाजता 'अलीकडील बदल' उघडून बसा. मी तुमच्या चर्चा पानावर असेन. पहिल्या दिवशी काही उलटवू नका, फक्त बघा. लाल आकडा दिसला की मला सांगा.

भरतीओहोटी

शनिवारी मीही येतो. दहाला नाही जमणार, साडेदहा धरा.